शेतीच्या विहिरीला सूट

आचोळे, नालासोपारा (पूर्व)
रविवार, ३० मार्च १९९७

तीर्थरूप दादास,

धाकट्या नरहरीचा नमस्कार. चार वर्षांत एक ओळ न लिहिणाऱ्याने एकदम खुशाली विचारावी, हे तुला ढोंग वाटेल. तरी विचारतो. वहिनींचे गुडघे कसे आहेत? केळीला यंदा दर बरा मिळाला का? इकडे सुमन ठीक आहे. कौस्तुभ नोकरीत कायम झाला. हे पत्र रजिस्टरने पाठवतोय. ऑफिसची सवय म्हण, किंवा तुला मिळालं एवढं तरी पोचपावतीवरून कळावं म्हणून म्हण.

मी अजून श्रीरंगसाहेबांकडेच स्वीय सहायक आहे. साहेब विधान परिषदेवर आहेत. मंत्री नाहीत आणि होण्याची शक्यताही नाही, म्हणूनच बहुधा त्यांना विधेयकं मांडायचा सोस. सहा वर्षांत अकरा मांडली. साड्यांच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलींना बसायला स्टूल द्या, वॉचमनला आठवड्याची सुट्टी द्या, रॉकेलच्या मापावर शिक्का हवा. सगळ्यांचे मसुदे माझ्या हातचे. तू म्हणायचास ना, "नऱ्या, अक्षर तुझं आणि सही दुसऱ्याची."

एकाचाही कायदा झाला नाही. आमदाराने स्वतःच्या नावावर आणलेलं विधेयक म्हणजे शुक्रवार दुपारचा कार्यक्रम. साहेब तळमळीने बोलतात, मंत्री उठून "शासन विचार करत आहे" म्हणतात, साहेब आभार मानून विधेयक मागे घेतात. मांडायचं भाषण आणि मागे घ्यायचं निवेदन मी एकाच बैठकीत टाइप करून देतो. यात कोणालाच काही वाटत नाही. मलाही वाटत नसे.

बारावं विधेयक टँकरच्या पाण्याचं आहे. पाणी कुठल्या विहिरीतून भरलं याची पाटी प्रत्येक टँकरवर हवी, आणि त्या विहिरीचं पाणी दर महिन्याला सरकारी प्रयोगशाळेत तपासलेलं हवं, इतकंच. चिठ्ठ्या टाकल्या त्यात त्याचा नंबर लागला. २५ एप्रिलच्या शुक्रवारी ते पुकारलं जाईल.

तर दादा, एक विनंती आहे. तोपर्यंत तू आपल्या वाडीतल्या विहिरीचा पंप बंद ठेव. टँकर भरू देऊ नकोस. बागेला पाणी घाल, हवं तेवढं घाल, पण लोकांना प्यायला देऊ नकोस. एकदा पाणी तपासून घे. साहेबांच्या सहायकाच्या घरचीच विहीर तपासलेली नाही, असं उद्या कोणी म्हणायला नको. एवढ्यासाठीच लिहितोय.

आमच्या सुनेला, कौस्तुभच्या अश्लेषाला, कावीळ झालीय. सातवा महिना आहे म्हणून दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर म्हणतात लक्ष ठेवू. तुम्ही काळजी करू नये. पण पंप बंद कर.

तुझा
नरहरी


आचोळे
बुधवार, ९ एप्रिल १९९७

तीर्थरूप दादास,

काल पाडवा झाला. आम्ही गुढी उभारली नाही. पोचपावती आली, तिच्यावर तुझी सही ओळखली, म्हणजे पत्र तुझ्या हातात पडलं. उत्तर नाही. पंपही चालूच आहे, कारण टँकर चालूच आहे.

मागच्या पत्रात मी खरं लिहिलं नव्हतं. ते लिहायच्या आदल्या दिवशी टँकर आला तेव्हा मी मुद्दाम खाली उतरलो होतो, कारण डॉक्टरांनी विचारलं होतं की पाणी कुठलं पिता. ड्रायव्हर एडवर्ड निघाला. आपल्या वाडीच्या मागे राहणारा, लहानपणी आपल्या विहिरीत पोहायला शिकलेला. मी त्याला विचारलं तर हसायला लागला. म्हणाला, "काका, मस्करी करता काय? पानी तुमच्याच वाडीतलं. तुमच्या बिल्डिंगसाठी संक्रांतीपासून तिथेच भरतोय. बाकीच्या विहिरी खारट झाल्या, दादांची गोडी हाय."

गोडी आहे, पण तिच्यात काय उतरतंय ते तुलाही माहीत असणार. कोपऱ्यातला तुकडा तू बिल्डरला दिलास, तिथे चार मजले उभे राहिले, आणि त्यांची संडासाची टाकी विहिरीपासून वीस पावलांवर आहे. ही वीस पावलं मी स्वतः मोजली होती. त्या टाकीवरून आपलं भांडण झालं त्या दिवशी.

आता त्याहून वाईट गोष्ट सांगतो.

गेल्या दिवाळीत वहिनींचा निरोप आला होता, आठवतं? "भाऊजी कायदे लिहितात म्हणे. भावाच्या पोटावर पाय देऊ नका म्हणावं." तीन वर्षांत तुमच्या घरातून आलेला तो पहिला शब्द. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. त्याच आठवड्यात मी कलम चारखाली एक वाक्य घातलं: "परंतु शेतीच्या प्रयोजनार्थ खोदलेल्या खाजगी विहिरींस या अधिनियमाच्या तरतुदी लागू होणार नाहीत." साहेबांनी विचारलं, ही सूट कशाला? मी म्हणालो, वाडीवाल्यांचा विरोध नको. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. दादा, वसईत टँकर भरणारी एक तरी विहीर कागदावर शेतीची नाही अशी दाखव. एका वाक्यात मी सगळं विधेयक पोकळ करून टाकलं, आणि तुझ्याशी पुन्हा बोलणं सुरू होईल म्हणून केलं.

सोमवारी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी कलम चार काढून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "नरहरीराव, हे तुम्ही मला तेव्हाच सांगायचं होतं." ओरडले असते तर बरं झालं असतं. ती सूट काढून टाकायची दुरुस्ती त्यांनी दिली आहे. आता २५ तारखेला हे विधेयक टिकलं पाहिजे. मी मागे घ्यायचं निवेदन या वेळी टाइप केलेलं नाही.

टँकरच्या नळीतून बाटली भरून प्रयोगशाळेत दिलीय. घरात पाणी उकळतो. पण बिल्डिंगमध्ये मी अजून कोणाला काही सांगितलेलं नाही. सांगायला गेलो तर कोणाची विहीर हेही सांगावं लागेल. तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेनचे डोळे परवा जिन्यात मला पिवळे दिसले. मी नमस्कार केला आणि खाली उतरलो. इतका मी खाली उतरलोय.

परवा वाडीच्या फाटकापर्यंत आलो होतो. पंपाचा आवाज ऐकू येत होता. तू ओट्यावर पाठमोरा बसला होतास. "या उंबऱ्यात पाय ठेवलास तर मी मेलो म्हणून समज," हे तुझं बोलणं आठवलं आणि मी परत फिरलो. भित्रा आहे मी, तुला ठाऊकच आहे.

अश्लेषा कालपासून नीट ओळखत नाही. सुमनला आई म्हणून हाक मारते, पण ती हाक तिच्या स्वतःच्या आईला. तिचे वडील तिला गेल्या महिन्यातच माहेरी न्यायला आले होते. मीच म्हणालो, पाडवा करून जाऊ दे. तिकडे त्यांच्या गावी नळाचं पाणी आहे रे.

मी पाया पडतो. पंप बंद कर.

नरहरी


आचोळे
शनिवार, २६ एप्रिल १९९७

दादा,

अश्लेषा १२ तारखेला गेली. बाळ पोटातच गेलं होतं. हे तुला एडवर्डकडून कळलंच आहे. स्मशानात मी रस्त्याकडे बघत होतो, तू येशील म्हणून.

परवा तेराव्याला माणसं जमली होती. तिचे आईवडील भिंतीला टेकून बसले होते. अकराच्या सुमाराला खाली टँकर आला. आम्ही मागवलेला नव्हता. एडवर्ड वर आला, चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "दादांनी पाठवलंय. तेराव्याला पाहुणे आले असतील, पाण्याची तंगी नको म्हणाले. पैसे घ्यायचे नाय."

मला आधी काही कळेना. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, दादांनी माझी पत्रं वाचली ना? तो खाली बघायला लागला. मग बोलला. "काका, दोन्ही पाकिटं देवाच्या फळीवर ठेवलीत. रजिस्टर आलं म्हणजे वकिलाची नोटीस, नरहरी वाटणी मागतोय, असं दादा म्हणाले. मी जिवंत असेपर्यंत फोडायची नाय, असं वहिनींना सांगितलंय."

म्हणजे तू वाचलंच नाहीस. मी पावती हवी म्हणून रजिस्टर केलं आणि तू रजिस्टर म्हणून उघडलं नाहीस. एक रुपयाचं साधं पाकीट टाकलं असतं तर वहिनींनी दुपारी वाचून दाखवलं असतं. त्या दिवशी फाटक लोटून आत आलो असतो तर फार तर तू मला मारलं असतंस. अश्लेषा तेव्हा दवाखान्यात होतीच, ती वाचली नसती कदाचित. पण मधले पंधरा दिवस लोक ते पाणी प्यायले नसते. हंसाबेन आता अश्लेषा होती त्याच वॉर्डात आहेत, आणि पहिल्या मजल्यावरची दोन माणसं.

मी खाली गेलो. बायका हंडे घेऊन उभ्या होत्या, कारण तीन दिवस बिल्डिंगच्या टाकीत पाणी नव्हतं. मी टँकरसमोर उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं की हे पाणी आमच्या विहिरीचं आहे, याच पाण्याने माझी सून गेली, आणि मला हे महिनाभर ठाऊक होतं. मग एडवर्डला टँकरची चावी उघडून सगळं पाणी गटारात सोडायला लावलं. नंतर हंसाबेनचा मुलगा पुढे आला. "काका, महिनाभर? आणि तुम्ही घरात उकळून पीत होतात?" मी हो म्हणालो. त्याने हात उगारला होता. मारला नाही, एवढंच. वर आलो तर कौस्तुभने माझ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. सुमन माझ्या ताटात वाढते, पण बोलत नाही.

काल विधेयक पुकारलं गेलं. सुतक फिटलं म्हणून मी गॅलरीत जाऊन बसलो. साहेब फार चांगलं बोलले. अश्लेषाचं नाव घेतलं नाही, "माझ्या ओळखीतली एक तेवीस वर्षांची मुलगी" म्हणाले. मंत्र्यांनी दुःख व्यक्त केलं, मग म्हणाले, शासन पाण्याबाबत सर्वंकष विधेयक आणण्याच्या विचारात आहे, तरी सन्माननीय सदस्यांनी आपलं विधेयक मागे घ्यावं. साहेबांनी टेबलावरचे कागद चाळले. निवेदन तिथे नव्हतं, मी दिलंच नव्हतं. त्यांनी एकदा वर माझ्याकडे पाहिलं. मग विधेयक मागे घ्यायचं ते वाक्य त्यांनी पाठच म्हटलं, एकही शब्द न चुकता. अकरा वेळा मीच लिहून दिलेलं वाक्य ते.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या अधिवेशनात पुन्हा देऊ." मी राजीनामा खिशातूनच नेला होता. तो दिला.

आज सकाळी प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन तहसीलदार कचेरीत गेलो. पाणी पिण्यास अयोग्य, असा शिक्का आहे. तिथे अर्ज दिला. कायदे लिहून काही होत नाही, अर्ज लिहून होतं का ते बघतो. कारकुनाने विचारलं, विहीर कोणाच्या नावावर? वाटणी झालेलीच नाही, सातबाऱ्यावर आपण दोघेही आहोत, म्हणून गैरअर्जदार क्रमांक एक तू आणि दोन मी. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही स्वतःवरच तक्रार करताय." मी म्हटलं, लिहा.

हे पत्र एडवर्डच्या हाती उघडंच देतोय. पाकीट नाही, तिकीट नाही. वहिनी, दादा घेत नसेल तर तुम्ही मोठ्याने वाचा. तो उठून गेला तर त्याच्या मागे जाऊन वाचा. मला वाटणी नको. झाडाचं एक पानही नको.

दादा, कचेरीतून नोटीस निघायला पंधरा दिवस लागतात म्हणे. या वेळी खरंच नोटीस येणार आहे, रजिस्टरनेच येईल. पण पंधरा दिवसांत रोज चार टँकर भरतात, आणि पंपाचं बटण तुझ्या ओट्यावरच आहे. तू तेराव्याला पाणी पाठवलंस ते मायेने पाठवलंस हे मला कळतं. तेच मला सहन होत नाही.

अश्लेषाचा आणि ज्यांच्या ज्यांच्या घरात ते पाणी गेलं त्या सगळ्यांचा अपराधी,
तुझा धाकटा भाऊ,
नरहरी
गैरअर्जदार क्रमांक दोन