बोटीवरचं उष्टं ताट

केदारखेडा, सोमवार, दिवेलागणीला

सकाळीच मुंबईहून घरी आलो, पण जीव अजून त्या बोटीतच. बोट कसली, अख्खं गाव पाण्यावर! आत लिफ्ट, दुकानं, पोहायचा हौद. आमचा लेक विलास तिथंच जेवण वाढायच्या कामाला. त्यानंच हौसेनं मला अन् यांना बोलावल्तं.

पहिल्याच जेवणाला तो काळा कोट घालून आला अन् मला म्हणाला, "मॅडम, अजून काही?" मला हसू आलं. मंग आमची उष्टी ताटं उचलायला वाकला. घरी त्यानं पाण्याचा तांब्या कधी उचलला न्हाई! माझ्यानं राहवलं न्हाई. ताटं घेऊन उठलेच, मोरी कुठंय विचारत. तो हळूच म्हणाला, "आई, ठेव खाली. साहेब बघून राह्यलेत."

ठेवली.

मंग मजल्या-मजल्यावर हिंडलो, पण मला काय दिसलं? ते वाकणंच. चुकलं का माझं? त्याला बोलणी खावी लागली असतील का? फोनवर तर म्हणतो, "न्हाई गं."

आज दुपारी जेवण झाल्यावर यांनी आपलं ताट आपणच उचललं, मोरीत नेऊन ठेवलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

मला तेही बघवलं न्हाई.