हरलेलीच्या चकत्या

आई, आज दुपारची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, घरात कुणी नव्हतं, आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं. अशाच वेळी बनारसच्या घरात तू सतरंजी अंथरायचीस. बाबा पंचगंगा घाटावरची पूजेची कामं उरकून, जेवून आडवे झालेले असायचे. देशावरून आलेले यात्रेकरू तुझ्या हातचं जेवून दर्शनाला गेलेले असायचे. मग गल्लीतल्या आपल्या मराठी बायका एकेक करून जिना चढायच्या आणि तुम्ही पत्ते खेळायचात, तेही पैसे लावून. हे लिहिताना आत्तासुद्धा मी दाराकडे पाहिलं.

खेळ शिकवला तो वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या जर्मन बाईने. सतार शिकायला आली होती, सतारीपेक्षा तुझ्या स्वयंपाकघरातच जास्त बसायची. परत जाताना तुला पत्र्याचा डबा देऊन गेली. आत पांढऱ्या, लाल, निळ्या अशा शंभर चिप्स. चिप्स तळायच्या असतात, या चकत्या, असं तू म्हणालीस आणि तेच नाव पडलं. प्रत्येकीने आधी तुझ्याकडे पैसे देऊन चकत्या घ्यायच्या, घरी निघताना उरलेल्या परत करून पैसे न्यायचे. पांढरी चार आण्यांची. चौघी होता तोवर शंभर पुरल्या. मग सातजणी झालात आणि अडायला लागलं. वाटतानाच डबा रिकामा व्हायचा. कुणी हरली की तिला पुन्हा द्यायला चकत्याच नसायच्या. आणि हरायच्या बहुतेक वेळा खालच्या मजल्यावरच्या काकू. त्यांचे यजमान कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेले. ते दुपारी झोपत तेवढ्या वेळात काकू वर यायच्या.

मी तेव्हा बीएस्सीला, गणित घेऊन. तू विचारलंस, "सातजणींना किती चकत्या लागतील गं?"

"पंचवीस साते पावणेदोनशे," मी पुस्तकातून मान वर न करता म्हणाले.

"आणि हरलेलीला पुन्हा द्यायला?"

"हरली की उठायचं."

"उठून जाईल कुठे? घरीच ना?" तू म्हणालीस, आणि मग मी पुस्तक मिटलं. आपण दोघी फरशीवर चकत्या मांडून बसलो. प्रत्येकीला तीस, म्हणजे दोनशे दहा. वर नव्वद डब्यात राखीव, हरलेल्यांसाठी. निम्म्याहून जास्त पांढऱ्या, कारण दर डावाला त्याच लागतात. निळ्या महागाच्या म्हणून थोड्या, त्यांना कुणी फारसं हात लावत नाही. आणखी दोनशे करून घ्यायला आपण खोजव्याला लाकडी खेळणी करणाऱ्याकडे गेलो. त्याने चकती उलटसुलट करून पाहिली. "ई का बनी माताजी, गाड़ी क पहिया?" "हाँ भैया, पहिया ही समझो," असं तू गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, आणि रिक्षात बसल्यावर इतकी हसलीस की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं. तुझ्याबरोबर एवढं हसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

त्याच थंडीत मला पाहायला नागपूरची मंडळी आली. काशी आणि मुलगी एकाच फेरीत. मंडळी संध्याकाळी यायची होती. मुलाच्या आईचे पाय दुखायला लागले म्हणून त्या दशाश्वमेधवरून एकट्याच, भर दुपारी, विचारत विचारत आपल्या घरी पोचल्या. मी आतून पाहतेय. तुम्ही सातजणी गोल बसला आहात. काकूंसमोर चकत्यांचा ढीग आहे, कधी नव्हे तो. त्या म्हणतायत, "आज तर मी सबको धुऊन काढलं," आणि तुझ्या डोळ्यांत हसून पाणी आलंय. त्या बाई दारात उभ्या राहतात. "काय चाललंय?" असं विचारतात.

तू काहीच लपवलं नाहीस. "या ना. पैसे लावून खेळतोय. बसता का?"

मी बाहेर आले. "आई नाही खेळत," मी म्हणाले. "या बायका रोज येऊन बसतात, तिला नाही म्हणता येत नाही. जुगार आमच्या घरात चालत नाही." आवाज माझाच होता, आणि चांगला खणखणीत होता.

काकूंनी समोरचा ढीग दोन्ही हातांनी मध्ये सरकवला. "चलते हं," असं तुला म्हणाल्या, पदर सावरला आणि उठल्या. त्यांच्या मागोमाग बाकीच्या. पैसे कुणीच मागितले नाहीत. पाहुणीला पाणी दिलंस, चहा टाकलास. पाहुणी गेल्यावर फक्त म्हणालीस, "काकूंचे पैसे राहिलेत, देऊन ये." मी साडीची घडी करत राहिले. शेवटी तूच जिना उतरलीस आणि तेच पैसे मुठीत घेऊन परत आलीस.

माझं लग्न ठरलं. बायका पुन्हा आल्या नाहीत. तू बोलवायला गेली होतीस, हे मला बाबांकडून कळलं. बाळंतपणाला आले तेव्हा दुपारी तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस. झोपलेली नसायचीस. मी एकदा पत्त्यांचं विचारलं, तर म्हणालीस, "आता दुपारची झोप येते मला." मी ते खरं मानलं, मला ते खरं मानायचं होतं. त्यानंतर तू फार काळ राहिली नाहीस. मी पोचले तेव्हा घाटावरून सगळे परत आले होते. काकू जिन्यात बसल्या होत्या. त्यांनी मला वाट करून दिली.

एवढी वर्षं मी मनाला समजावत आले, की त्या दिवशी मी तसं बोलले म्हणूनच लग्न जमलं. मुलीच्या जातीला असं बोलावं लागतं. मग एकदा सासूबाईंबरोबर मटार सोलत बसले होते. त्या सहज म्हणाल्या, "तुझ्या आईने मला बस म्हटलं होतं. मी बसणार होते गं. माहेरी आम्ही रोज रमी खेळायचो, इकडे आल्यावर सुटली. पण तू असं तोडून बोललीस, मग मी कशी बसणार?" मटार संपले तरी सालीच चाचपत राहिले.

सासूबाईही गेल्या आता. त्यांना तुझ्या शेजारी बसलेलं मी पुष्कळदा डोळ्यांसमोर आणते, पण तिथे तुम्ही दोघी माझ्याकडे पाहत नाही.

हे कागद मी फाडून टाकणार आहे, मुलगी कॉलेजातून यायच्या आत. काल तिने विचारलं, आजी कशी होती. मी म्हणाले, शांत होती, देवधर्मात असायची. ती म्हणाली, "मग घरात बोअर होत असेल ना तिला?"

मी हो म्हणाले.