साबणाची वडी

जळगाव जामोद,
१८ नोव्हेंबर १९९०

प्रिय कुंदा,

तुझं पत्र मंगळवारी आलं. सातवा सरत आला, पाय सुजतात, लोणचं संपलं, हे सगळं वाचून बरं वाटलं. मग शेवटच्या दोन ओळी वाचल्या. ‘बाळ माझ्याजवळ निजवू नकोस, आई. तूच घे, माझ्या झोपेचा भरवसा नाही.’ पोस्टमन तुळशीराम दारातच उभा होता, त्याला पाणी विचारायचंही मी विसरले.

अंगणात गाडी उभी असायची तिथे यंदा मेथी लावली. बाकी वाफा हिरवा झाला, पण तेलाच्या डागावर काही उगवलं नाही. आठवतं, अकोल्याच्या डॉक्टरांकडून बाबांनी ती लाल गाडी आणली तो दिवस? एवढीशी गाडी, पण मागचं दार छपरासारखं वर उचललं जायचं. त्याखाली पाय सोडून तू संत्री सोलत बसलीस आणि बाबा ओरडले, ‘कावं पोरी, कार हाय का बैलगाडी?’ ओरडताना हसत होते. या श्रावणात ते गेले आणि अजूनही पोळी करताना माझा हात चार जास्तीच्या लाटतो.

तीन वर्षांपूर्वी, पहिल्या बाळंतपणाला, तू ऑपरेशन होऊन बुलढाण्याच्या दवाखान्यात होतीस, त्याच आठवड्यात गाडीचा सायलेन्सर गेला. इंजिनापासून मागपर्यंत नळी सडली होती. गुलजार मिस्त्रींनी नवा संच आणून दिला, पण धूर सांध्यातून फुटू नये म्हणून इंजिनाच्या तोंडाशी बसते ती गॅस्केटची कडी त्यात नव्हती. जाताना मला बजावून गेले, ‘वैनी, गॅस्केट बुधवारी येऊन राह्यली. तवर सायबाले हात लावू देऊ नका.’ बारसं सोमवारी होतं. ओल्या टाक्यांची लेक एस.टी.त धक्के खात येणार नाही, असं बाबांनी ठरवून टाकलं.

शनिवारी सकाळी त्यांनी गाडी विटांवर चढवली, गंजलेल्या नटांवर घासलेट ओतलं, जुनी नळी छिन्नीनं तोडली. मी पोतं अंथरून खाली सरकले आणि नवी नळी दोन्ही हातांनी वर धरून ठेवली. जुनी कडी काढताना तिचे दोन तुकडे झाले. मग त्यांना आठवलं, पेट्रोलची टाकी गळली की ट्रकवाले साबण भरतात. कपड्याच्या साबणाची अर्धी वडी मीच सुतळीच्या धाग्यांत मळून दिली. त्यांनी ती सांध्यात भरली, बोल्ट आवळले, गाडी चालू केली. थोडा वेळ अंगणात चालवली, पण आवाज आला नाही. कपाळाला काळं लागलेलं, लहान मुलासारखे म्हणाले, ‘पाह्य, तुह्या हातचा साबण!’

रविवारी जाताना राजूरच्या घाटात फटफट सुरू झाली. साबण जळला असणार. काचा उघड्या होत्या, काही जाणवलं नाही. परतताना मात्र काचा बंद, तुझे कान बांधलेले, कापूस घातलेला, शालीच्या आत ती दहा दिवसांची. तू आणि मी मागे, सत्यभामाआत्या पुढे बाबांच्या शेजारी. घाट उतरताना मला धुराचा वास आला, डोकं ठणकायला लागलं. मी चार बोटं काच खाली केली. आत्या मान वळवून म्हणाल्या, ‘मडमबाई, बाळंतीण हाय गाडीत! वारं लागून राह्यलं लेकराले. लाव ते काच!’ लग्न होऊन आले त्या दिवसापासून कॉन्व्हेंटची म्हणून या घरात मी मडमच होते. मी काच वर केली.

मोताळ्याच्या पुढे तू झोपलीस. नांदुऱ्याला मला उलटी झाली. तुला हलवलं तर तू जागीच होईनास. तिचे गाल गुलाबी होते, कुंदा, इतके गुलाबी की झोपलीय असंच वाटलं.

घरी पोचलो तेव्हा तिचा श्वास थांबलेला होता. अंगणात चार बायकांसमोर आत्या म्हणाल्या, ‘पोरीनं झोपीत आंगाखाली घेतलं.’ तू मान खाली घातलीस, आणि मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी बाबांनी मला विचारलं, ‘साबणानं तं नाही झालं?’ मी म्हटलं, ‘नाही हो.’ त्यांनी गाडी विकली. पुन्हा विचारलं नाही.

नववीत असताना सिस्टरनी फळ्यावर एका वायूबद्दल लिहून दिलं होतं. तो इंजिनाच्या धुरात असतो, त्याला वास नसतो, बंद जागेत माणूस झोपेतच जातो आणि चेहरा गुलाबी राहतो. परीक्षेत त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी गुण होते. घाटात काच खाली केली तेव्हा मला ते आठवलं होतं. वर केली तेव्हाही आठवत होतं. हे बाबांना कळतं तर ते जगले नसते, म्हणून त्यांना राखलं आणि तीन वर्षं तुला जळू दिलं. आज ते नाहीत, म्हणून लिहिते आहे. ती तुझ्या अंगाखाली नव्हती. तू तिला छातीशी धरलं होतंस, सोडवताना मला तुझं एकेक बोट उलगडावं लागलं. तुझ्या झोपेत काही खोट नाही. हे बाळ तुझ्याच कुशीत निजव. मला बाळंतपणाला बोलवायचं की नाही ते तू ठरव, मी रागावणार नाही. फक्त खोलीची खिडकी थोडी उघडी ठेव, कुणी काहीही म्हणो.

तू म्हणू दिलंस तर तुझीच,
आई