परवानगी गोजराबाईंची

४ सप्टेंबर २०२५, गुरुवार

आज घरात आलं ते असं. जुना कॉम्प्युटर, पडदा, कीबोर्ड, माउस सगळं धरून रु. ४२००. प्रिंटर रु. ९००. ऑटोचे रु. ६०. वर झाकायचं लाल कापड फुकट. पितृपक्ष लागायच्या आत आणला, मग पंधरा दिवस नवं काही घेता येत नाही. पडद्याला हळदीकुंकू वाहिलं, तर रूपाली म्हणते, आई, त्याचं लगीन हाय का? खूप हसलो.

अनसिंगला येऊन आठच दिवस झाले. ह्यांची वायरमन म्हणून रिसोडहून इथे बदली झाली. घर लहान पण हवेशीर, देवघराला पूर्वेचा कोनाडा. मी दहावी पास, वर कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. लोकांचे अर्ज मराठीत टाइप करून द्यायचे, घरात राहून, रूपाली डोळ्यांसमोर ठेवून, असं मनात आहे. सात वर्षांनी झालेली एकुलती एक पोर. दुसरीत आहे.

कॉम्प्युटर विकणारे उकंडराव दोन घरं सोडून राहतात. हेच काम त्यांची बायको गोजराबाई करायची. ती चैत्रात वारली. उकंडराव म्हणाले, घेऊन जा वो पोरी, ते खोकं समोर दिसलं की मले घास गिळत नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

चालू केल्यावर पडद्यावर दोन नावं येतात. एक गोजरा, त्याला पासवर्ड आहे. दुसरं पाहुण्यांचं, तेवढं उघडतं. मराठी टायपिंगची सीडी घातली. दर वेळी पडदा काळवंडतो आणि चौकट येते, ह्या प्रोग्रामला बदल करू द्यायचे का? खाली यस आणि नो. पण यसच्या आधी गोजराबाईंचा पासवर्ड मागतो.

वाशीमच्या हरीओम मेकॅनिकला फोन केला. त्यानं सांगितलं तसं माउसचं उजवं बटण दाबून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहिलं. बंद करून सेफ मोडमध्ये चालू केलं. तेच. तो म्हणाला, वहिनी, तुमी तिथं पाव्हण्या, मालकीन दुसरीच हाय. तिनं हो म्हटल्याबिगर खिळा ठोकता येत नाही. सगळं पुसून नवं टाकायचे हजार मागितले. म्हटलं, राहू द्या.

पाहुण्यांना एकच फाइल दिसते, दत्तक अर्ज. आईचं नाव गोजरा उकंडराव. मुलीचं नाव, पुढे कोरं. गेलेल्या बाईचा अर्धा अर्ज घरात नको वाटला. फाइल काढून टाकायला गेले, तर परवानगी नाही म्हणून आलं. शेजारच्या नानीबाई म्हणाल्या, लेकरासाठी लई तडफडली वो ते. लोकाइचे अर्ज पुरे केले, सोताचा राह्यला.

११ सप्टेंबर, गुरुवार

देवांची नावं, गावाचं नाव, लग्नाची तारीख, सगळं घालून पाहिलं. एकही पासवर्ड लागत नाही.

उकंडराव घरी आले होते. सोमवारी अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवायला घालतात. गोजराच्या जागी तुमी बसा म्हणाले. पुण्याचं काम आहे, मी हो म्हटलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

पाटावर बसवलं, गोजराबाईंचं हिरवं लुगडं दिलं, ओटी भरली. पुरण, कढी, वडे. जेवणाऱ्या बाईशी गेलेलीशी बोलावं तसंच बोलतात. हात धुण्याआधी विचारतात, काही राह्यलं काय? उत्तर ठरलेलं असतं, काही नाही, तृप्त झाले.

माझं सारं ध्यान त्या सीडीत. तोंडातून निघून गेलं, एक काम राहिलं आहे.

उकंडरावांनी हात जोडले, डोळे भरून म्हणाले, मंग पुरं करून घे वो गोजरा, माही ना नाही.

बाहेर आल्यावर नानीबाईंनी दंड धरला. साधना, काहून असं बोलली? तू तिच्या जागी बसली होती ना!

घरी येऊन पाहते तर पासवर्डची जागा ठिपक्यांनी भरलेली. यस दाबलं. प्रोग्राम बसला. देवापुढे साखर ठेवली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पाहुण्यांचं नाव पडद्यावरून गेलं. आता एकच, गोजरा.

दुपारी बारा वाजता सीडी नसतानाच चौकट आली. बदल करू द्यायचे का? भात उतरवायची घाई, सवयीनं यस दाबलं. मग तो अर्ज आपोआप उघडला. मुलीच्या नावापुढे — रूपाली.

खोडायला गेले. परवानगी नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

रूपालीनं शाळेच्या वहीवर आईचं नाव गोजरा लिहिलं आहे. अक्षर तिचंच. मला म्हणाली, काकू, पाणी द्या ना. हे हसले, म्हणे पोरगी मस्करी करून राह्यली.

वायर भिंतीतून काढली. पडदा चालूच. चौकट पुन्हा आली, नोच्या बटणावर बाण जातच नाही —

१९ सप्टेंबर, शुक्रवार

फोन माझं बोट ओळखत नाही. नंबर घातला, तोही चूक म्हणतो.

ह्यांनी जेवताना मला विचारलं, तुम्ही कधी आलात? रूपालीची आई कुठं गेली?

मी ताट वाढून समोर उभी —

रामरक्षा म्हणते आहे. मधल्या ओळी —

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळी रूपालीला शिरपूरच्या गाडीत बसवलं. भावाकडे. ह्या घरापासून लांब असलेली बरी. मीही चढणार होते. कंडक्टरनं दारातच अडवलं, जागा नाही म्हणाला. मी ओरडले, पोर एकटी आहे! तो म्हणाला, एकटी कुठं, तिची माय बसली ना बाजूले.

खिडकीत हिरवा पदर —

गाडी गेली. पुढच्या गाडीला हात केला, थांबली नाही. माझ्याकडे कुणी पाहतही नाही. हेच पान फाडून पाकिटात घालते.

रविकांत भाऊ, रूपाली पोचली का? कुणाचं बोट धरून उतरली? ती बाई तुझ्या दारात थांबेल, आत येऊ का विचारील. विचारल्याशिवाय तिला येता येत नाही. पोर रडली तरी हो म्हणू नको. काय म्हणालास ते उलट टपाली कळव. भाऊ, तू नाही म्ह