आमच्या वायफायचं कुलूप

३ मार्च, रविवार
नेट गोगलगायीसारखं. आपल्या वायफायला पासवर्डच नाही, हे आज कळलं. म्हणजे वरच्या मजल्यावरचे व्यायामशिक्षक फुकट वापरत असणार. ही म्हणते, ते सज्जन आहेत. असतील. ऑफिसात स्टोअरच्या किल्ल्या निवृत्तीपर्यंत माझ्याच कमरेला होत्या, एक स्टेपलर हलला नाही. उद्या एन्क्रिप्शन लावतो. दहा मिनिटांचं काम.

४ मार्च
एन्क्रिप्शनचे बरेच प्रकार निघाले. सर्वांत कडक तो निवडला. मुलगी म्हणाली, बाबा, माझ्या जुन्या लॅपटॉपला हा चालत नाही, आणि गुरुवारी माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू आहे. म्हटलं, गुरुवार लांब आहे. पासवर्ड असा ठेवला की माझ्या बापालाही ओळखता येणार नाही. लिहून ठेवला नाही. लिहिला की फुटला.

५ मार्च, सकाळी
पासवर्ड आठवत नाही. घरात सांगितलं, टेस्टिंग चालू आहे.

दुपारी
पहिलं अक्षर आठवलं. कॅपिटल की स्मॉल, एवढाच प्रश्न. आणि पुढची अक्षरं.

६ मार्च
राउटरच्या मागच्या भोकात पिन खुपसून रीसेट केला. पासवर्ड गेला. त्याबरोबर कंपनीचं सेटिंगही गेलं, आता नेटच नाही. मोबाइलला घरात रेंज नाही. रस्त्यावर जाऊन फोन लावला, तर हेल्पलाइनवाली म्हणते, माणूस शुक्रवारी येईल. मुलगी लॅपटॉप मिटून आत गेली. चिडली असती तर मला नीट समजावता आलं असतं.

७ मार्च
इंटरव्ह्यू झाला. वर. शिक्षकांनी स्वतःची खोली रिकामी करून दिली, टीव्हीसुद्धा बंद ठेवला. मुलगी खाली येऊन म्हणाली, "बाबा, त्यांचं नेट किती फास्ट आहे! ते आपलं कशाला वापरतील?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तोवर ती स्वयंपाकघरात आईच्या गळ्यात पडली होती.

८ मार्च
कंपनीचा माणूस आला. पासवर्ड काय ठेवू म्हणाला. परक्या माणसाला सांगायचा? त्याला जिन्यात उभं केलं आणि स्वतः टाकला. ही म्हणाली, अहो, निदान पाणी तरी विचारा त्यांना. पाण्याचं नंतर. नेट चालू! यापुढे दर सोमवारी पासवर्ड बदलायचा.

२ एप्रिल
मुलगी नोकरीवर रुजू झाली. लांबच्या शहरात. निघताना तिला चालू आठवड्याचा पासवर्ड देऊ केला. नको म्हणाली.

१४ एप्रिल, रविवार
हिने पासवर्ड विचारणं सोडलं आहे. मुलीशी व्हिडिओवर बोलायला वरच जाते. आज मलाही चला म्हणाली. मी म्हटलं, लोकांच्या नेटवर्कवर मी घरचं बोलत नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. थोड्या वेळाने सहज म्हणून जिना चढलो. दार लोटलेलं होतं. आतून मुलीचा आवाज आला, "आई, बाबा कसे आहेत?" ही म्हणाली, "बरे आहेत गं. खाली राउटर बघतायत."
परत खाली आलो. बघितला. सगळे दिवे हिरवे आहेत.