झाकणांचा शनिवार

चि. रोएना हिस,

डेल्फिया मावशीचा आशीर्वाद, आणि त्याच्या जोडीला एक टपली, कारण तुझं हे पत्र तब्बल आठ महिन्यांनी आलं. तुझा खोकला गेला का? (आलं आणि मध घे म्हटलं होतं. घेतलं नसशीलच. आहारशास्त्राची पदवी मिळाली की माणसं आलं खात नाहीत, असं माझं निरीक्षण आहे.) तुझी आई फोनवर स्वतःची तब्येत ठणठणीत सांगते आणि माझी विचारते, तेव्हा तिची कंबर पुन्हा धरली असणार हे मी ओळखते. माझे गुडघे चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि तसेच वागतात. बाकी ठीक.

तर तुझा प्रश्न. एकीकडे लुइव्हिलला डबाबंद सूप करणाऱ्या कंपनीतली काचेच्या इमारतीतली नोकरी, आणि दुसरीकडे विद्यापीठाचं ज्ञान घरोघरी पोचवणाऱ्या आपल्या काउंटीच्या विस्तार कार्यालयातली माझीच जुनी जागा. ती दोन वर्षं रिकामी आहे, आणि महिनाअखेरपर्यंत एकही अर्ज आला नाही तर कायमची बंद होणार. 'मावशी, खरं काय ते सांग,' असं तू लिहिलंस. मग ऐक. येऊ नकोस.

कामाचं नाव भारदस्त आहे: पोषण, गृहव्यवस्था आणि कुटुंबशिक्षण. मीही त्या नावालाच भुलले. बावीस वर्षांची होते, हातात विद्यापीठाची पुस्तिका, पायात उंच टाचांचे बूट, आणि पहिल्याच दिवशी टॅकेट आजींकडे भाज्यांचं महत्त्व सांगायला निघाले. गाडी ओढ्यात अडकली, बूट ओढ्यानेच ठेवून घेतले. अनवाणी पायांनी मी अर्धा तास जीवनसत्त्वांवर बोलले. आजी शेंगा निवडत शांतपणे ऐकत होत्या. बोलणं संपल्यावर त्यांनी मला गरम मक्याचा पाव, डुकराच्या चरबीत शिजवलेला घेवडा आणि परतलेली सफरचंदं वाढली आणि म्हणाल्या, "पोरी, सांगतेस चांगलं. आता खा, म्हणजे तू काय सांगत होतीस ते तुला कळेल." मी तीनदा वाढून घेतलं. पुस्तिका तिथेच विसरले ती आजतागायत आणलेली नाही.

शेजारच्या टेबलावर शेतीचे अधिकारी होबार्ट. तंबाखू, गुरं आणि माती हे त्यांचं खातं, पण माझी फजिती हा त्यांचा जोडधंदा. रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन यायचे आणि विचारायचे, "काय बाई, आज कुणाला शहाणं करणार?" माणूस खवचट, पण माझी गाडी ओढ्यातून प्रत्येक वेळी त्यांनीच काढली. (एकूण सात वेळा. ते नऊ म्हणतात.)

आता झाकणांचं सांगते, म्हणजे तुझा निर्णय पक्का होईल. आपल्याकडे प्रत्येक घरात हिवाळ्यासाठी शेंगा बरण्यांत भरायचा तो मोठा प्रेशर कुकर असतो. त्याच्या झाकणावरचा काटा खोटं बोलू लागला की आत वाफेचा जोर कमी असताना पुरेसा दाखवतो, शेंगा अर्धवट शिजतात, आणि त्या बरण्यांतलं विष न दिसतं, न वासाला येतं. म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी बायका झाकणं कार्यालयात तपासायला आणायच्या. माझ्या दुसऱ्या वर्षी त्रेसष्ट आली. प्रत्येकाच्या मुठीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, त्यावर नाव आणि मी लिहिलेला काट्याचा आकडा. पण झाकणांवर तीस-तीस वर्षांची काजळी! मनात आलं, बायकांना चकचकीत करून परत द्यावीत. चिठ्ठ्या भिजू नयेत म्हणून मी त्या सगळ्या सोडवून ॲप्रनच्या खिशात ठेवल्या, आणि सोड्याने सगळी झाकणं घासून उन्हात मांडली. काय सुरेख दिसत होती! होबार्टनी खिडकीतून डोकं काढलं, झाकणांकडे पाहिलं, माझ्या खिशाकडे पाहिलं, आणि डोकं आत घेतलं.

सगळी एकाच मापाची, एकाच कंपनीची.

त्रेसष्ट बायका कचेरीसमोरच्या हिरवळीवर जमल्या. कुणी कडेवरून अंगठा फिरवून ओळखलं, कुणी बोटाने वाजवून. एकीने पोचा दाखवला आणि तो नवऱ्याच्या कपाळामुळे आला, असंही सांगून टाकलं. आयसी आणि नॉर्मा या जावा एका डुकरावरून अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघींनी एकच झाकण धरलं. आयसी म्हणाली, "माझं आहे." नॉर्मा म्हणाली, "तुझ्या मुठीला चीर होती. मीच पाडली होती, तुला कळलंही नाही." आयसीने मूठ बघितली, चीर नव्हती; शेजारचं चिरलेल्या मुठीचं झाकण उचललं आणि तिथेच हसत बसली. आकडेही चिठ्ठ्यांवरच असल्यामुळे सगळी तपासणी पुन्हा करावी लागली. तोवर कुणी पाव आणला, कुणी लोणचं. दिवस कधी मावळला कळलं नाही. पुढच्या वर्षापासून बायका डबे घेऊनच येऊ लागल्या, आणि त्याला झाकणांचा शनिवार नाव पडलं. रोएना, माझ्या आयुष्यात त्या हिरवळीइतकं सुख मला कुठेच मिळालं नाही. टॅकेट आजी गेल्या, नॉर्मा गेली, आणि मला त्यांची फार आठवण येते.

तर अशी ही नोकरी. पायात बूट राहत नाहीत, तुम्ही शिकवायला जाता आणि शिकून परत येता, वर टोमणे. सूपच्या कंपनीत बस. सुखी राहशील.

तुझी,
डेल्फिया मावशी

ता. क. अर्जाचा कोरा कागद पाकिटात चुकून आला असेल. असू दे.

ता. क. २. तो चुकून आलेला नाही. दोन वर्षं झाकणं मीच तपासते आहे, माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. गेल्या मंगळवारी आयसीची नात आली, कडेवर एक पोर, हाताशी एक. मी काटा वाचला, 'बरोबर' असं लिहून दिलं. होबार्ट कॉफी पीत बसले होते. हळूच म्हणाले, "डेल्फिया, परत बघ." मी रागावले. मग चष्मा पुसला, मग भिंग आणलं. काटा वाफेचा जोर तीन पौंड जास्त दाखवत होता. ती पोरं हिवाळाभर त्या शेंगा खाणार होती. मंगळवारपासून होबार्टनी मला एकही टोमणा मारलेला नाही, यावरून काय ते समज.

ता. क. ३. आईला यातलं सांगू नकोस. नोकरीचं तुझं तू ठरव, मी भरीला घालणार नाही. पण या शनिवारी ये. मला भीती वाटते, पोरी. काटा तू वाच. झाकण कुणाचं, ते मी सांगेन.