जाऊबाईंचा ठिपकेवाला बोका

३ मार्च
थोरल्या जाऊबाईंच्या लेकाने आईला बोका आणून दिला. सॅव्हाना जातीचा म्हणे. आजोबा जंगलातला, आजी घरातली. अंगभर ठिपके, कान ह्याऽ एवढाले. मी म्हटलं, "जाऊबाई, तोंडवळा थेट तुमच्यावर गेलाय." सगळे हसले. त्या सोडून. मला हेवा वगैरे मुळीच नाही.

८ मार्च, दुपारी ४
नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, चहाला आल्या नाहीत. हे गेल्यापासून सहा वर्षांत एक दिवस चुकवला नव्हता. जाऊबाईंकडे बसल्यात, बोका नळाखाली आंघोळ करतो ते बघत. आंघोळ तर मीही रोज करते. त्याचं कौतुक नाही.

९ मार्च
आजही नाही. दोन्ही कप मीच प्यायले. ॲसिडिटी.

१५ मार्च
प्लॅन पक्का. त्यांचा बोका, माझी मनी. पिल्लं ठिपक्यांची. त्यांच्याकडे एक, माझ्याकडे चार. मग बघू वन्सं कुठे बसतात!

१८ मार्च
जाऊबाईंना म्हटलं, "दोन दिवस बोका पाठवा माझ्याकडे, तुम्हाला जरा आराम." लगेच हो म्हणाल्या. भोळ्या आहेत बिचाऱ्या.

१९ मार्च
नवरदेव कपाटावर चढून झोपलेत. मनीकडे ढुंकून बघत नाहीत. मोठ्या घरचा, लाजत असेल. त्याला मोकळी हवा लागावी म्हणून खिडकी उघडी ठेवली. मासेवालीचा कानतुटका बोका आत आला होता. त्याचं इथे काय काम?

२२ मे
चार पिल्लं! पांढरी, पाठीवर एकेक काळा डाग. सगळे ठिपके एका जागी जमले असणार. वाढतील तसे पांगतील. वन्सं धावत आल्या. दोन कप चहा घेतला. जिंकले!

३० मे
जनावरांचा डॉक्टर म्हणतो, "काकू, या जातीचे पहिल्या तीन-चार पिढ्यांचे बोके बाप होतच नाहीत." म्हटलं, "तुम्ही अजून शिकताय वाटतं." तर म्हणे, "मासेवालीचा बोका मी चांगला ओळखतो." वन्संना हे सांगितलं नाही. उगाच कशाला त्यांच्या डोक्याला ताप?

१८ जुलै
वन्सं म्हणाल्या, "वहिनी, एक पिल्लू दे ना." मला भरूनच आलं. म्हटलं, हवं ते न्या. "मोठ्या वहिनीला गं. तिच्या बोक्याला एकट्याला करमत नाही." मुद्दाम सगळ्यात द्वाड पिल्लू दिलं.

२० जुलै
वन्सं आल्या नाहीत. म्हणून जाऊबाईंकडे जाऊन आले. पिल्लू बरं आहे ना, एवढंच बघायला. जाऊबाईंनी न विचारताच चहा टाकला. बोका येऊन माझ्या मांडीवर बसला. मी बोलावलं नव्हतं. पायाला मुंग्या आल्या. दिवेलागणीपर्यंत हलले नाही.